हात आखडता, मन मोठं: काही उपयुक्त सूचना

काळ कठीण आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाचा धंदा बसला. तेव्हा आज ना उद्या तुमच्यापुढेही कुणाच्या तरी मदतीचा विषय निघणार. घाबरू नका. खिशाला हात न लावता उदार राहता येतं, हे मी नुकतंच शिकलो. आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर मी एकासाठी वर्गणीचा विषय काढला. त्याची नोकरी गेलीय, भाडं थकलंय. त्याने स्वतः कुणाकडे काही मागितलं नव्हतं, मीच लिहिलं. त्यानंतर जे ज्ञान मिळालं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

सर्वप्रथम हात जोडलेलं चित्र पाठवा.

मग थांबा. ग्रुपमध्ये माणसं भरपूर असतात, कुणीतरी देईलच. याला शास्त्राचा आधार आहे. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. पलीकडच्या खोलीत कुणाला तरी फिटचा झटका आल्याचं लोकांना ऐकवलं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटल्यावर उठले फक्त ३१ टक्के. आमच्या ग्रुपने हा आकडाही खाली आणून दाखवला.

कुणी फारच आग्रह धरला तर ‘मासा देऊ नये, मासे पकडायला शिकवावं’ हे ऐकवा. त्याला मासे पकडता येतात हो, आयुष्यभर तेच केलंय. तळं आटलंय, त्यालाच मंदी म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दान सत्पात्री असावं. म्हणून आधी चौकशी. त्याच्याकडे फोन कोणता आहे? मागच्या वर्षी सहलीला गेला होता ना? बायको काय करते? बचत का नाही केली? कर्ज कशाला काढलं? फोन विकला तर नोकरीचा निरोप कशावर येणार, असले प्रश्न स्वतःला विचारू नका. त्याचा शर्ट इस्त्रीचा असेल तर संशय घ्या आणि चुरगळलेला असेल तर ‘असा राहतो म्हणूनच नोकरी गेली’ म्हणा. ही बुद्धी जुनी आहे. १८३४ मध्ये इंग्लंडने गरिबांसाठी कायदा केला. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या इमारतीत, या. तिथली परिस्थिती मुद्दाम अशी ठेवायची, की बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराचं जगणंही बरं वाटावं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. म्हणजे खरोखर नडलेला माणूसच दार ठोठावील! आपल्याला इमारत बांधावी लागत नाही, ग्रुप पुरतो. त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी चारचौघांत वाचली गेली आणि वाचणाऱ्यांपैकी एकाने त्याच आठवड्यात नव्या गाडीचे फोटो टाकले होते. अभिनंदनाला मात्र सगळे हजर! तिथे कुणी चौकशी केली नाही.

‘हे सरकारचं काम आहे’ हेही चालतं. खरंच आहे ते काम. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांची मोठी भिस्त उलट लोकांच्या स्वेच्छेच्या दानावर होती. १९३३ पर्यंत तिथे कामकऱ्यांतला जवळजवळ चौथा माणूस बेकार झाला होता. सरकारने लोकांकडे बोट दाखवावं आणि लोकांनी सरकारकडे. पण त्याचा घरमालक धोरण ठरेपर्यंत थांबणार आहे का? सरकारला जाब विचारायचा असेल तर जरूर विचारा, मीही येतो. तुमच्यापैकी एकाने तरी आजवर विचारलाय?

आणि ‘आमचंही सध्या अवघड आहे’. ज्याचं खरंच अवघड होतं, त्याने मला बाजूला फोन करून सांगितलं, ‘आत्ता काहीच नाही, पण त्याचा बायोडेटा पाठव, आमच्याकडे विचारतो.’ पुरे झालं एवढं. त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार तुमच्याविषयी आहे. द्यायचं नसेल तर देऊ नका. ‘जमणार नाही’ म्हणा, कुणी कारण विचारणार नाही. पण न देण्याला तत्त्वज्ञान म्हणू नका आणि अडचणीतल्या माणसाची उलटतपासणी घेऊ नका. तो त्या ग्रुपमध्ये आहे, हेसुद्धा तुमच्या लक्षात आलं नाही. सगळं वाचलंय त्याने. आता तो माझाही फोन उचलत नाही.