'सीमा पाहिली आहे का?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बांगलादेशी असल्याच्या संशयावरून होणाऱ्या बंगाली बोलणाऱ्या मजुरांच्या धरपकडीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "एसीत बसून दया वाटणाऱ्यांना सीमा काय कळणार? तुमच्यासारख्यांमुळेच देशाची धर्मशाळा झाली." मत पटलं नाही असं सांगायला कोणी अडवलं नव्हतं. पण ओळख ना पाळख, थेट माझ्या देशप्रेमावर घसरलात. ही कुठली रीत, भाऊ? काय बोलून राहिले, कोणाला बोलून राहिले, याचं काही भान?

एक मान्य करते. बांगलादेश सीमेवरचं कुंपण काही ठिकाणी पश्चिम बंगाल राज्याकडून जमीन न मिळाल्यामुळे अडलं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. 4,096 किलोमीटरची सीमा, त्यात नद्या आणि खारफुटी. कुंपण हवं, गस्तही हवी. याविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा.

आता माझ्या एसीबद्दल. माझे वडील गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडे शिक्षक होते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना 1960 च्या दशकात सरकारनेच तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी देऊन वसवलं. माझं बालपण त्याच गावांत गेलं. मैत्रिणीच्या घरी पत्र्याच्या पेटीत पुनर्वसनाचा कागद होता, घडीवर फाटलेला, मागून खळीने चिकटवलेला. तिची आजी तो वडिलांपुढे धरून दरवेळी विचारायची, "मास्टरमोशाय, हा चालेल ना?" सरकारने बोलावून वसवलेल्या बाईच्या मनातली ती धाकधूक मी पाहिली आहे. तुम्ही पाहिली आहे का?

मैत्रीण तिथेच जन्मली. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक ठरतो. त्याचे आईबाप कुठून आले हे कायदा विचारत नाही. तिचा मुलगा आज नागपूरच्या बेसा भागात फरश्या बसवतो. फोनवर आईशी बंगालीत बोलताना कोणीतरी ऐकलं आणि त्याला रात्रभर चौकीत बसवलं. आधार, मतदार कार्ड, सगळं खिशात असताना!

आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी परदेशी नागरिकांबद्दलच्या 1946 च्या कायद्यात त्या माणसावरच होती, 2025 च्या नव्या कायद्यातही आहे. म्हणूनच तपासणाऱ्याने कागद नीट पाहायला हवेत. जून 2025 मध्ये मुंबईकडे पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले आणि भारतीय निघाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. यात सीमा कुठे सुरक्षित झाली, ते सांगा ना मला.

मतपेढी, परदेशी पैसा वगैरे तुमच्या बाकीच्या आरोपांवर मी वेळ घालवणार नाही. लेख काढा म्हणालात; तो राहील. त्या मुलाने होकार दिला, तर त्याचे कोणते कागद पाहायलाच नकार दिला गेला, तेही पुढच्या लेखात लिहीन.