आधी कॅमेरा घेऊ नका

नाशकातल्या पालकांना आणि कॅमेऱ्याचं वेड लागलेल्या पोरापोरींना मनापासून सांगतोय. सिनेमॅटोग्राफर व्हायचंय म्हणून पहिल्याच झटक्यात कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका. मॉडेल जुनं होतं, हप्ते संपत नाहीत आणि ते फेडायला पोरगं लग्नाच्या ऑर्डरी घेत सुटतं. लग्नाचं शूटिंग हलकं काम नाही, तिथे रिटेक मिळत नाही. पण तो धंदा वेगळा.

मी मालिकांचं छायाचित्रण करतो. गावी आलो की सगळे विचारतात, कॅमेरा कुठला वापरता? लाइट कसा करता, हे क्वचितच कुणी विचारतं. कॅमेरा भाड्याने येतो हो! निर्माता पैसे मोजतो ते चेहऱ्यावर उजेड कुठून आणि किती पडणार, हे ठरवणाऱ्याला.

आपल्या जिल्ह्याला हे नव्याने सांगावं लागू नये. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'चा कॅमेरा चालवला तो त्यांचे मित्र त्र्यंबक तेलंग यांनी, आणि त्यांना कॅमेरा शिकवला खुद्द फाळक्यांनी. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, कलाकारांवर उजेड परतवायला. आज सेटवर लाइटमन थर्मोकोल धरतो ते हेच काम. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात जाल तेव्हा या दोघांचीही आठवण काढा.

हे काम हाताखाली राहूनच येतं. आधी कॅमेरा अटेंडंट किंवा असिस्टंट, मग फोकस पुलर, म्हणजे नट हलला तरी फोकस सांभाळणारा, मग ऑपरेटर, आणि पुढे कधीतरी डीओपी, म्हणजे मुख्य छायाचित्रकार. फोकस पुलरची वर्षं फार मोलाची. नट अर्धं पाऊल पुढे आला की डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर होतात आणि उत्तम अभिनयाचा टेक वाया जातो. ती जबाबदारी अंगावर घेतली की माणूस आयुष्यभर नटाकडे नीट बघतो.

मालिकेला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालू, सगळ्या अँगलना चालेल असा लाइट, आणि रोज एपिसोड द्यायचाच. त्यातून हाताला वेग येतो. तोटाही खरा आहे. सगळीकडे सारखा उजेड टाकायची सवय लागते, सावली ठेवायला भीती वाटते. म्हणून वर्षातून एखादी शॉर्ट फिल्म कराच. गोदाघाटावर सूर्य उगवताना उजेड मिनिटामिनिटाला बदलतो; ते सकाळी जाऊन बघणं हाही रियाजच.

पैशांचं स्पष्ट बोलतो. टीव्हीत बारा तासांची शिफ्ट सर्रास, आणि मानधन अनेकदा नव्वद दिवसांनी. त्यामुळे मुंबईत पाय ठेवताना सहा महिन्यांचं भाडं-जेवण हाताशी असू द्या. कॅमेऱ्यासाठी साठवलेले पैसे इथे लावा. घरच्यांनीही दर महिन्याला 'काही जमलं का?' विचारू नये. व्ही. के. मूर्तींसारख्या दिग्गजाला २००८चा फाळके पुरस्कार मिळाला, तोवर एकाही छायाचित्रकाराला तो मिळाला नव्हता. इथे नाव व्हायला वेळ लागतोच.

रीतसर शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत छायाचित्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवी कुठल्याही शाखेची चालते. बी.कॉम. झालेल्यांनीही प्रवेश परीक्षा जरूर द्यावी.