पेशी वाढतात, पण नळी घडते ती त्यांच्या सरकण्यामुळे
एका लेखात म्हटलंय की बेडकाच्या भ्रूणात मेंदूची नळी (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) पेशी वाढल्यामुळे बनते. पण मुख्य काम पेशींच्या हालचालीचं आहे. न्यूरल प्लेटमधल्या, म्हणजे भ्रूणाच्या पाठीवरच्या ज्या सपाट पट्टीतून नळी बनते तिच्यातल्या, पेशी मध्यरेषेकडे सरकत एकमेकींत घुसतात. पट्टी अरुंद आणि लांब होते. शिवाय पेशींचं वरचं तोंड आवळतं, म्हणून कडा उचलल्या जातात. पेशींच्या या सरकण्याला दिशा देणारं व्हँगल२ जनुक बिघडलं तर पट्टी रुंदच राहते, कडा भेटतच नाहीत, नळी उघडी राहते. झेनोपस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या आफ्रिकी बेडकामध्ये २३ अंश सेल्सिअसला फलनानंतर सुमारे २२ तासांत ती मिटते. थंडीत उशीर लागतो. कोल्हापुरात पावसाळी डबक्यातली अंडी भिंगातून पाहणाऱ्यांनी ती जागेवरच पाहावीत, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात टाकू नयेत. वेळ मात्र जातीगणिक बदलते, झेनोपसचे हे आकडे कोल्हापुरातल्या अंड्यांना लावू नका.