मुंबईला म्हणे गाणीच हवी होती!

व्हॉट्सअ‍ॅपवर गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. माझ्याच तीन ग्रुपांवर आला. मुंबईत बातम्यांचा रेडिओ कधी नव्हताच, रेडिओला बोलतं केलं ते एफएमच्या आरजेंनी, आणि एफएमवर आज बातम्या नाहीत कारण मुंबईकराला फक्त गाणी लागतात, असं त्यात ठासून सांगितलंय. तिन्ही विधानं खोटी आहेत. तिसऱ्याचा मला विशेष राग आहे, कारण त्यात दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारलाय.

मुंबईत रेडिओ क्लबने 1923 मध्येच प्रक्षेपण केलं, आणि 23 जुलै 1927 ला इथलं रीतसर केंद्र सुरू झालं. पण बातम्यांचंच म्हणाल तर 1942 आठवा. वर्तमानपत्रांचं तोंड बांधलेलं, पुढारी तुरुंगात. अशात 27 ऑगस्टला 42.34 मीटरच्या लहरीवर गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा अवघ्या 22 वर्षांच्या. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर मुंबईतच या घरातून त्या घरात हलवायचा. विदर्भातल्या आष्टी-चिमूरच्या उठावात काय घडलं, हे या केंद्राने सांगितलं. 12 नोव्हेंबरला धाड पडली, उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. जेमतेम अडीच महिने चाललं ते केंद्र, पण बातमीसाठीच चाललं. त्याला 'नव्हताच' म्हणायचं?

आरजेंबद्दल मला आकस नाही. पण मुंबई आकाशवाणीवर त्यांच्या कितीतरी आधी 'कामगार सभा' होती, 'वनिता मंडळ' होतं. आमच्या लालबागच्या चाळीत 'वनिता मंडळ' लागलं की आई पोळपाट पुढ्यात ओढून बसायची. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, रंगात आली की लाटणं थांबायचं आणि तव्यावरची पोळी करपायची.

आता तिसरं. खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या नाहीत, कारण परवान्याच्या अटींत त्यांना मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने 1995 मध्ये प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. पुढे खासगी केंद्रं आली, बातमीचं दार मात्र बंदच राहिलं. 2011 च्या धोरणाने सवलत दिली ती एवढीच: आकाशवाणीचं बातमीपत्र कानामात्रेचा फरक न करता लावा, आणि वाहतूक, हवामान, पाणी-वीज यांसारखी माहिती द्या. स्वतःचा बातमीदार पाठवून महापालिकेत काय शिजतंय ते सांगायची मुभा नाहीच. जे ताटात कधी वाढलंच नाही, ते लोकांना आवडत नाही हे ठरवलं कोणी?

26 जुलै 2005 ला मी कुर्ल्याजवळ बसमध्ये अडकले होते. पाणी पायऱ्यांवर चढलेलं, फोन लागत नव्हते. एका कॉलेजच्या मुलाच्या मोबाइलवर एफएम होता. इयरफोन एका कानात घालून तो ऐकायचा आणि आम्हाला मोठ्याने सांगायचा: कुठला रस्ता बंद, कुठे लोक अडकलेत. मध्येच गाणं लागलं आणि तो गप्प झाला, तेव्हा मागून एक आजोबा ओरडले, "अरे बाळा, दुसरं स्टेशन लाव, पाण्याचं सांगतात ते!"