बाटलीतील तळाचा थर म्हणजे पंपाने मिसळलेले पाणी नव्हे

नाशिकमधील सोसायट्यांच्या गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे: बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात थोडे पाणी टाका, हलवा, आणि तळाचा पाण्याचा थर वाढलेला दिसला तर पंपचालक पेट्रोलमध्ये पाणी मिसळतो असे समजा.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. आता देशभर मिळणाऱ्या ई-20 पेट्रोलमध्ये सुमारे 20 टक्के इथेनॉल असते आणि ते पंपावर नव्हे, तर तेल कंपन्यांच्या डेपोत मिसळले जाते. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ अधिक असल्यामुळे, 80 मिली पेट्रोलमध्ये 20 मिली पाणी टाकून हलवल्यास त्यातील सुमारे 16 मिली इथेनॉल पाण्यात उतरते आणि तळाचा थर 36 मिलीच्या आसपास जातो. म्हणजे हा प्रयोग इथेनॉलचे प्रमाण ढोबळपणे दाखवतो, तेही मापाच्या रेषा असलेल्या काचेच्या नळीत; शीतपेयाच्या बाटलीत तर नुसता अंदाजच.

पाण्याची शंका असेल, तर वरून पाणी न टाकता पेट्रोल स्थिर ठेवून तळाशी वेगळा थर दिसतो का, हे पाहावे लागते. त्यासाठीही स्वयंपाकघर ही जागा नव्हे, कारण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरून दूरच्या ज्वाळेनेही पेटू शकते. पंपावरच घनतेची तपासणी आणि फिल्टर पेपर चाचणी (कागदावर पेट्रोलचा थेंब टाकून, तो उडून गेल्यावर डाग राहतो का ते पाहणे) मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. फिल्टर पेपरवरून इथेनॉलचे प्रमाण मात्र कळत नाही.

मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.