पहिली पावती चंद्रीची

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर अध्यक्ष पावतीपुस्तक काखेत मारून आले, तेव्हाच मी मनात म्हटलं, आज धारोष्ण दूध नासणार. कशाचे अध्यक्ष, हे विचारायचं नाही. तालमीचं पद जाऊन पंधरा वर्षं झाली, हाक मात्र तीच राहिली.

"रंकाळा तलाव सुधारायचा. तिथं फिरायला येणाऱ्यानं महिना पन्नास रुपये. हजार माणसं धरा."

"धरा," सुऱ्या म्हणाला, "आणि सोडू नका. फिरायला आलेला माणूस पळाया बी लागतोय."

सुऱ्या प्लंबर आहे. नखात कायम सिमेंट.

अध्यक्षांची यादी सुरू झाली. तरंगतं कारंजं, त्याला रंगीत लाईट, सगळ्यांना टी-शर्ट. छातीवर तलाव, पाठीवर अध्यक्ष. गुरुजींनी मधेच शालिनी पॅलेस काढला. "१९३४ साली बांधून झाला, तेव्हा महालाचं प्रतिबिंब पाण्यात..."

"आता केंदाळात दिसतंय का बघा," सुऱ्या म्हणाला. केंदाळ म्हणजे आमच्याकडची जलपर्णी. "अध्यक्ष, ते केंदाळ कशावर पोसतंय म्हाईत हाय? नाल्यातनं मैला येतोय, साबणाचं पाणी येतंय, तेच त्याचं खत. वरनं जेसीबी लावून काढायचं आणि खालनं खुराक चालू ठेवायचा. काढलेलं बी काठावरच टाकायचं. ते कुजतंय, पाऊस पडला की रस परत तळ्यात. केंद्राच्या सरोवर योजनेचे पैसे आलेले की मागं. नाला कुणाला दिसला?"

"कारंज्यानं ऑक्सिजन मिळतो!"

"मिळतोय. आयसीयूत बी मिळतोय."

अध्यक्षांनी मोर्चा सदाशिवकडं वळवला. सदाशिव खाली बसून चंद्रीची धार काढत होता. "पहिल्यांदा ह्यांच्या म्हशी बंद करा. रोज तळ्यात डुंबाय सोडतात."

सदाशिवनं मान वर केली नाही. चरवीत धारेचा आवाज तेवढा जोरात यायला लागला. "शेण टाकती, खोटं कशाला बोलू. पण श्रमदानाला माझी चार पोरं कमरेएवढ्या चिखलात हुती. तुम्ही पांढरी प्यांट घालून आलासा. केंदाळाचं एक रोपटं हातात धरून फोटो काढलासा, आणि बूट रुतला म्हणून घरला गेलासा."

"तो बूट अजून तळ्यातच हाय," सुऱ्या म्हणाला. "गाळ काढायच्या टेंडरात घ्या."

इथं गुरुजींच्या नाकातनं दूध आलं.

खरं सांगायचं तर पैशाशिवाय काहीच होत नाही, असंही नाही. गणपती तळ्यातच सोडायचा, हा हट्ट कोल्हापूरनं सोडलाच की. गुऱ्हाळाच्या काहिली, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढया, विसर्जनाला आणून काठावर ठेवल्या, उरलेल्या मूर्ती इराणी खणीकडं वळवल्या. मी हे बोललो आणि फसलो.

"भाऊ, तुमच्या अपार्टमेंटचं सांगू?" सुऱ्या माझ्याकडं वळला. "लाईन मीच टाकलीया. चेंबर कुठं सुटतंय, सांगू?"

मी दुधावरचा फेस पुसत बसलो.

"तळी बुजवायची सवय आपल्याला जुनी हाय," तो म्हणाला. "वरुणतीर्थाचं गांधी मैदान केलं, कपिलतीर्थावर मंडई भरवली. पावसाळ्यात मैदानात पाणी भरतंय म्हणून आपण बोंबलतोय. तळं आपली जागा बघाय येतंय, दुसरं काय?"

गुरुजींना रंकाळ्याजवळच्या देवळातला, दंतकथेतला नंदी आठवला. रोज गहूभर पुढं आणि तांदूळभर मागं सरकतो, तळ्याला पोचला की प्रलय.

"कवा पोचायचा? वासानं थांबला असंल."

अध्यक्ष मात्र हलायला तयार नव्हते. एक तरी पावती फाडल्याशिवाय उठणार नाही, म्हणाले. सगळ्यांनी खिसे चाचपले, त्याच हातांनी मोबाईल काढले. शेवटी सदाशिवनं धोतराला हात पुसले, कनवटीची पन्नासची नोट काढली, ओलीच, आणि पुस्तकावर ठेवली.

"चंद्रीच्या नावानं फाडा. आमच्यात रोज तळ्यावर जाणारी तीच."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांना चेष्टा कळली नाही की कळूनही नोट सोडवेना, देव जाणे. त्यांनी तारीख घातली, नाव घातलं आणि चष्म्यावरनं बघत विचारलं,

"आडनाव?"