सोडा पाजू नका

घोड्यांवरच्या एका लेखात म्हटलंय की दमलेल्या घोड्याचं रक्त आम्लधर्मी होतं, म्हणून खायचा सोडा पाजावा. सरसकट तसं नाही. टांग्याच्या शर्यतीत दोन-चार मिनिटं जीव तोडून पळालेल्याचं होतं, लॅक्टिक ॲसिडमुळे. ८०-१०० किलोमीटर दुडक्या चालीनं गेलेल्याचं बहुधा उलट: घामावाटे क्लोराइड जातं आणि रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं. उन्हात तासाला १०-१५ लिटर घाम जाऊ शकतो, तोही माणसाच्या घामापेक्षा कितीतरी खारट. पाण्याबरोबर मीठही गेल्यानं तहानेची जाणीवच होत नाही, सुकलेला घोडा बादलीला तोंड लावत नाही.

मागं वैशाखात आटपाडीहून विट्याकडं येताना आमच्या घोडीच्या कुशी उडायला लागल्या, काळजाच्या ठोक्याला ठोका. उचकीच म्हणा. मांड्यांत पांढरा फेस. जमलेले म्हणाले, खायचा सोडा पाजा! डॉक्टरांनी हात धरला. रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं, सोडा अल्कधर्मी, त्यानं आणखी बिघडलं असतं. त्यांनी सलाइनमधून कॅल्शियम सोडलं, अगदी थेंबथेंब, स्टेथोस्कोप छातीवरून न काढता.

आता मुक्कामाला दोन बादल्या ठेवतो, एक मिठाच्या पाण्याची, एक साधी. घोडी आधी मिठाचीच संपवते.